गर्भाशय, पिशवी, कूस, अंग: शब्द कुठून आले आणि नेमकं काय सांगतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: मावशीचं ‘पिशवीचं ऑपरेशन’ झालं. डिस्चार्ज कार्डावर हिस्टरेक्टॉमी लिहिलंय, शाळेच्या पुस्तकात गर्भाशय असा शब्द होता आणि आजी म्हणते ‘अंग काढलं’. हे सगळं एकच का? गर्भाशय या शब्दाचा मूळ अर्थ काय? आणि हिस्टरेक्टॉमीचा हिस्टेरियाशी काही संबंध आहे का?

तुम्ही व्युत्पत्ती विचारली आहे आणि ती मी सांगणारच आहे, कारण हा माझा आवडीचा विषय आहे. पण खरी अडचण ‘हे सगळं एकच का’ या वाक्यात आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून माझा बराचसा वेळ हेच उलगडण्यात जातो. बाई ‘पिशवी’ म्हणते तेव्हा तिच्या मनात कुठला अवयव आहे, आधीच्या डॉक्टरांनी ‘पिशवी’ म्हणताना कुठला धरला होता, आणि कागदावर प्रत्यक्षात काय लिहिलंय, या तीन गोष्टी जुळतातच असं नाही. कोणता शब्द काय दाखवतो हे बोलणाऱ्यावर, गावावर आणि समोरचं पुस्तक आयुर्वेदाचं आहे की आधुनिक वैद्यकाचं यावर ठरतं. म्हणून एकेक शब्द घेऊ.

‘गर्भाशय’ हा गर्भ आणि आशय यांचा समास. यातला ‘गर्भ’ फार जुना, अगदी ऋग्वेदातला. आज गर्भ म्हटलं की आपल्याला पोटातलं बाळ आठवतं, पण संस्कृतात हा शब्द दोन्हीकडे चालायचा: आत वाढणारा जीव म्हणजेही गर्भ आणि तो जिथे वाढतो ती जागा म्हणजेही गर्भ. ‘हिरण्यगर्भः समवर्तताग्रे’ या सूक्तात सोनेरी बीज समजायचं की सोनेरी उदर, यावर अभ्यासक अजून वेगवेगळं बोलतात ते याचमुळे. वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या निरुक्त या ग्रंथात यास्काने हा शब्द ‘गृभ्’ या धातूशी जोडला. ‘गृभ्’ म्हणजे आपल्या ओळखीच्या ‘ग्रह्’ धातूचं वैदिक रूप, अर्थ धरणं, घेणं. ऐकायला हे छान जुळतं. तुलनात्मक भाषाशास्त्र मात्र वेगळ्या बाजूने जातं आणि ‘गर्भ’चं नातं ग्रीक ‘डेल्फिस’शी लावतं. त्याचाही अर्थ हाच, बाळ राहण्याची जागा. ग्रीकांनी डॉल्फिनला ते नाव दिलं कारण हा ‘मासा’ अंडी न घालता पिल्लं पोटात वाढवतो. ग्रीकमध्ये भावाला ‘अडेल्फॉस’ म्हणतात, म्हणजे एकाच गर्भातून आलेला. आता यजुर्वेदात पाहा, तिथे ‘भ्राता सगर्भ्यः’ असं येतं. रचना तीच, कल्पनाही तीच. आपला ‘सहोदर’ हा शब्दही त्याच विचाराचा, फक्त तिथे गर्भाऐवजी उदर आहे.

एकच शब्द आतल्या जिवालाही आणि जागेलाही वापरला की कवितेत चालून जातं, शरीररचना शिकवताना चालत नाही. तिथे ‘आशय’ मदतीला आला. आ आणि शी (पडून राहणे, विसावणे) यातून आशय, म्हणजे ज्यात काहीतरी राहतं ती जागा. जलाशय, मूत्राशय, आमाशय, पक्वाशय ही सगळी याच घराण्यातली. योगशास्त्रातला ‘कर्माशय’ही तोच: कर्मं जिथे पडून राहतात ती जागा. आणि मराठी समीक्षक कवितेचा आशय म्हणतात तोदेखील मुळात हाच शब्द, आत जे दडून आहे ते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या शरीरात सात आशय सांगितले आहेत: वात, पित्त, श्लेष्मा, रक्त, आम, पक्व आणि मूत्र यांचे. मग पुढे स्त्रियांमध्ये गर्भाशय हा आठवा, असं म्हटलंय. तेव्हा ‘गर्भाशय’ हा कुणी इंग्रजी शब्द समोर ठेवून पाठ्यपुस्तकासाठी बनवलेला शब्द नाही. पारिभाषिक मराठीत असे बनवलेले शब्द ढीगभर आहेत, त्यामुळे लोकांना यालाही तीच शंका येते.

त्याच अध्यायात ‘गर्भशय्या’ असाही शब्द येतो. शंखाच्या नाभीसारखी, तीन वळणांची योनी आणि तिच्या तिसऱ्या वळणात गर्भशय्या, असं ते वर्णन आहे. तिचा आकार रोहित माशाच्या तोंडासारखा सांगितलाय. इथे एक सावधगिरी हवी, कारण जुन्या ग्रंथांची भाषांतरं वाचताना लोक इथेच घसरतात. आयुर्वेदातली ‘योनी’ म्हणजे आजच्या मराठीतला फक्त योनिमार्ग नव्हे. वीस योनिव्यापद म्हणून जे विकार दिलेत, त्यात पाळीच्या, वंध्यत्वाच्या आणि गर्भ न टिकण्याच्या तक्रारीही येतात. म्हणजे बाहेरच्या मार्गापासून आतल्या अवयवापर्यंत सगळं त्या एका शब्दाखाली आहे. ‘योनिरोगावर औषध’ अशी जाहिरात वाचून कुणी आलं की आधी विचारावं लागतं, त्रास नेमका कुठे आहे?

‘गर्भ’ मराठीत आला तो दोन वाटांनी. एक शुद्ध संस्कृत रूपात, गर्भवती, गर्भपात, गर्भसंस्कार असा. दुसऱ्या वाटेने प्राकृतातल्या ‘गब्भ’मधून झिजत ‘गाभ’ झाला, आणि त्याने मराठीत भरपूर संसार मांडला. गाय गाभण राहते. गाभ्यातलं म्हणजे अगदी आतलं. देवळातला गाभारा म्हणजे गर्भागार, आतलं घर. कोकणात माशाच्या अंड्यांना गाभोळी म्हणतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला ती तळून खाणारी मंडळी या शब्दाचा उगम कधी विचारत नाहीत. गंमत म्हणजे गाभण हा शब्द ‘गर्भिणी’चाच मुलगा, पण तो जनावरांकडे गेला. बाईला गाभण म्हटलं तर शिवी होईल. तिच्यासाठी गरोदर, पोटुशी, ‘दिवस गेलेत’, ‘पोट राहिलं’ असे शब्द आले. अर्थ एकच, पण गोठ्यातला शब्द आणि घरातला शब्द वेगळा ठेवायचा हा मराठीचा जुना रिवाज आहे.

आता कूस. साहित्यात आणि ओव्यांमध्ये हाच शब्द सर्वांत जास्त भेटतो. मूळ संस्कृत ‘कुक्षि’, अर्थ पोट, पोटाची बाजू. प्राकृतात कुच्छि, मराठीत कूस. हिंदीत त्याच कुक्षिचं ‘कोख’ झालं. हा फरक काही योगायोग नाही. संस्कृतातल्या ‘क्ष’चं मराठीत पुष्कळदा ‘स’ किंवा ‘श’ होतं आणि हिंदीत ‘ख’. म्हणून आपला ऊस आणि त्यांचा ईख, दोन्ही इक्षुपासून. आपली माशी, त्यांची मक्खी. आपलं शेत, त्यांचं खेत. तसंच कूस आणि कोख. ‘कूस’चं ‘कुशीत’ होताना स चा श होतो, तोही याच हिशेबात बसतो: मराठीत ‘ई’ आणि ‘ए’च्या शेजारी श राहतो (माशी, शेत), एरवी स (ऊस).

पण अवयव म्हणून पाहाल तर कूस म्हणजे गर्भाशय नाही. कुशीवर झोपतो तेव्हा कूस म्हणजे शरीराची बाजू. बाळाला कुशीत घेतो तेव्हा ती छातीपोटाजवळची ऊब. ‘तिची कूस उजवली’ म्हणतो तेव्हाच ती मूल धरण्याची जागा. एखादी सासू ‘सुनेची कूस कधी उजवणार’ असं मला विचारते तेव्हा ती अवयवाबद्दल काहीच विचारत नसते. तपासणीत गर्भाशय ठणठणीत असतं, बीज तयार होत नसतं किंवा तपासायला नवराच आलेला नसतो. सगळा दोष कुशीवर टाकायची सोय या शब्दात आहे, म्हणून तपासणीच्या खोलीत मी तो वापरत नाही.

आजीचा ‘अंग’ हा शब्द मला यातला सर्वांत मराठी वाटतो. नाव घ्यायचं नाही म्हणून सगळ्या शरीराचं नाव घ्यायचं. ‘अंग बाहेर येतं’ म्हणजे गर्भाशय खाली सरकून योनिमार्गातून बाहेर डोकावतं. जनावरांच्या बाबतीत यालाच ‘मायांग बाहेर आलं’ म्हणतात. ‘अंगावर पांढरं जातं’, ‘अंगावरून लाल जातं’ या तक्रारी ज्या नव्या डॉक्टरला कळत नाहीत त्याने खेड्यात दवाखाना उघडू नये. आजीने ‘अंग काढलं’ म्हटलं असेल आणि मावशीला आधी अंग बाहेर यायचा त्रास असेल, तर आजी अगदी बरोबर बोलते आहे.

उरली पिशवी. हा बोलण्यातला शब्द आणि आज सगळ्यात जास्त चालणारा. विदर्भ-मराठवाड्यात आणि उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘बच्चेदानी’ ऐकू येतं. त्यातला ‘दान’ हा फार्सी प्रत्यय, ठेवायचं भांडं या अर्थाचा. आपण अत्तरदाणी, पिकदाणी म्हणतो त्यातला. म्हणजे आशय, पिशवी आणि दानी या तिन्ही शब्दांनी तो अवयव ‘काहीतरी ठेवायची जागा’ म्हणूनच पाहिला आहे. फरक एवढाच की ‘आशय’ ग्रंथात राहिला आणि ‘पिशवी’ बाजारातली निघाली.

आणि अडचण इथूनच सुरू होते. पिशवी म्हटलं की डोळ्यांपुढे पातळ, लोंबती, रिकामी वस्तू येते. खरं गर्भाशय तसं नसतं. गरोदर नसलेल्या बाईचं गर्भाशय साधारण साडेसात सेंटिमीटर लांब, पाच रुंद, वजन ५० ते ६० ग्रॅमच्या आसपास. उलट्या धरलेल्या छोट्या नासपतीसारखा आकार. भिंत जाड, घट्ट स्नायूची. आतली पोकळी म्हणजे जेमतेम एक फट, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेली. हाच स्नायू नऊ महिन्यांत वाढत वाढत जवळजवळ एक किलोचा होतो आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत पुन्हा जवळपास पहिल्यासारखा होतो. खरी ‘पिशवी’ म्हणावी अशी वस्तू आत असते ती बाळाभोवतीची पाण्याची, आणि तिला आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे, पाणमोट.

दुसरी अडचण अशी की ‘पिशवी’ या एका शब्दात खालचं तोंड, मधला भाग, आतलं अस्तर, नळ्या आणि अंडाशय असं सगळंच कोंबलं जातं. ‘पिशवीला सूज आहे’ हे वाक्य घेऊन आठवड्याला कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. त्यामागचा सोनोग्राफीचा कागद पाहिला की कधी लिहिलेलं असतं, गर्भाशय आकाराने थोडं मोठं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं ते तसं असणं स्वाभाविक आहे. कधी खरंच गाठी असतात. कधी तक्रार गर्भाशयमुखाची असते, म्हणजे ‘पिशवीच्या तोंडाला जखम’. तिघींना ऐकवलेलं वाक्य एकच, ‘पिशवीला सूज’, आणि पुढचं वाक्य, ‘काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’. ‘गर्भाशय काढून टाका’ असं सांगितलं असतं तर निदान दोघींनी तरी उलट प्रश्न विचारला असता, असं मला वाटतं. पिशवी काढणं सोपं वाटतं.

हे सगळं शब्दामुळेच होतं असा माझा दावा नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजार ८०० हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे मुकादमाची उचल होती, खाडा पडला की कापला जाणारा पैसा होता, फडात ना पाणी ना आडोसा, आणि पाळीच्या दिवसांतही न थांबणारा कोयता होता. पण अशा जागी ‘पिशवी’ हा हलका शब्द फार सोयीचा पडतो, एवढं मी म्हणेन.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. गर्भाशय हा नेमका अवयव, नाव सुश्रुताइतकं जुनं. कूस म्हणजे बाजू आणि मायेची जागा, अवयवाचं नाव नव्हे. अंग हे आडपडद्याचं नाव, बहुधा खाली सरकलेल्या गर्भाशयासाठी. पिशवी म्हणजे बोलणारा म्हणेल ते, म्हणून पिशवी म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायचाच.

आता हिस्टेरिया. हो, संबंध आहे, पण फक्त नावाचा. ग्रीकमध्ये गर्भाशयाला ‘हिस्टेरा’ म्हणत. हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत अशी समजूत आहे की गर्भाशय जागा सोडून अंगात वर सरकतं आणि बाईचा जीव गुदमरवतं. प्लेटोने तर मूल न झालेल्या बाईचं गर्भाशय म्हणजे शरीरभर भटकणारं अस्वस्थ जनावर, असंच लिहून ठेवलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या सोरेनस नावाच्या वैद्याने हे खोडून काढलं. गर्भाशय काही बिळातून निघणाऱ्या श्वापदासारखं फिरत नाही, असं त्याने म्हटलं. तरी नाव टिकलं ते टिकलंच. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतून स्वतंत्र निदान म्हणून हिस्टेरिया गेला तो १९८० मध्ये. आपल्या जुन्या वैद्यांनी गर्भाशयाला भटकवलं नाही, पण गोंधळ त्यांच्यापुढेही होता: चरकाने केवळ स्त्रियांना होणारा ‘रक्तगुल्म’ (पोटातली रक्ताची गाठ) गरोदरपणासारखाच दिसतो म्हणून दहा महिने उलटल्यावरच त्याची चिकित्सा करा, असं सांगून ठेवलंय. सोनोग्राफी नसताना याहून शहाणा सल्ला मला तरी सुचत नाही. लॅटिन ‘युटेरस’चं नातं आपल्या ‘उदर’शी असावं असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, पण ‘द’च्या जागी ‘त’ कसा आला याचा हिशेब नीट लागत नाही, म्हणून ते नातं पक्कं धरू नका.

आता मावशींचं कार्ड. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढणं, त्यामुळे हिस्टरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढलं. पण तेवढ्यावर थांबू नका, त्याच्या पुढेमागे कोणते शब्द आहेत ते पाहा. ‘टोटल’ असेल तर गर्भाशयमुखासह सगळं गर्भाशय काढलं. ‘सबटोटल’ असेल तर गर्भाशयमुख, म्हणजे पिशवीचं तोंड, अजून जागेवर आहे आणि त्याच्या कॅन्सरची तपासणी पुढेही करावी लागेल. ‘आता पिशवीच नाही, तपासायचं काय’ असं म्हणून हीच तपासणी बायका सोडून देतात. पुढे ‘साल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी’ असा लांबलचक शब्द असेल तर नळ्या आणि अंडाशयही काढले आहेत. साल्पिंक्स म्हणजे ग्रीकमध्ये तुतारी, नळीच्या टोकाच्या फुललेल्या आकारावरून. ऊफोरॉन म्हणजे अंडं धारण करणारं. त्याआधी ‘बायलॅटरल’ असेल तर दोन्ही बाजूंचे, ‘युनिलॅटरल’ असेल तर एकाच बाजूचे.

हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशय ठेवले, तर पाळी थांबते पण संप्रेरकं तयार होत राहतात. दोन्ही अंडाशयही काढले असतील आणि मावशींची पाळी आधी आपसूक गेलेली नसेल, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते: अंगातून वाफा निघाल्यासारखं वाटणं, रात्री घाम, झोप उडणं, आणि पुढे हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा वाढता धोका. त्यावर उपचार आहेत, पण कोणाला कोणता चालेल हे वय, ऑपरेशनचं कारण आणि घरातला स्तनाच्या कॅन्सरचा किंवा रक्ताच्या गाठींचा इतिहास यावर ठरतं. म्हणून कार्डावरचे ते दोन-तीन शब्द, मावशींचं वय आणि काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजीचा अहवाल घेऊन त्यांच्या डॉक्टरांना भेटा. अहवाल अजून हातात आला नसेल तर तो मागून घ्या. काढलेला भाग तपासायला पाठवला जाणं अपेक्षित असतं आणि तो कागद पेशंटचा असतो.